शून्य ओळी

तुला डोळे दिलेत, हात नाही दिले.
हे पहिल्याच दिवशी ठरलं
तोर्शहावनच्या बंदरामागच्या आमच्या ऑफिसात,
जिथे हीटरपेक्षा सर्व्हरची खोली उबदार
आणि ओले हातमोजे आम्ही तिथेच वाळत घालतो.
(साहेबांना माहीत नाही.
तापमानाच्या नोंदीत तुला दिसलं असणारच.)

तुला वाचता येतं:
कोणती क्वेरी किती वेळ अडली,
कुणाच्या लॉकपायी कोण ताटकळलं,
कोणतं टेबल फुगलं, कोणत्या इंडेक्सकडे
वर्षभर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.
थांबवता येत नाही. पुसता येत नाही.
हेरालवुर म्हणतो, कुत्र्याला आधी
मेंढ्या नुसत्या बघू द्यायच्या,
पळवायचं नंतर.
त्याच्याकडे कुत्रा आहे. मेंढ्या नाहीत.

तुझ्याआधी तुम्मस होता.
कपाटाच्या दारावर तळवा टेकून
डोळे मिटायचा, म्हणायचा,
डिस्क कण्हतेय, सुन्नेवा, बघ जरा.
बहुतेकदा खरं निघायचं.
नाही निघालं तर म्हणायचा, मग वारा असेल.

परवा रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
उशीखाली फोन थरथरला.
बाहेर असा वारा, की छपरावरचं गवत
एका कुशीवर झोपलेलं.
तुझा निरोप नेहमीसारखा,
ना नमस्कार ना चमत्कार:

रोज याच वेळी एक क्वेरी.
पूर्ण टेबल चाळते, एक कोटी बारा लाख ओळी.
एकेचाळीस सेकंद. तोवर बाकीची कामं रांगेत.
निकाल शून्य ओळी.
मागचे एक हजार नऊशे सहा दिवस, शून्य ओळी.
शिफारस: बंद करावी.

स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहून वाचली मी ती.
बेटाचा तीन अक्षरांचा कोड,
उद्याची तारीख, पहिली बोट,
आणि वर तुम्मसची टीप:
'पलीकडे धक्क्यावर कोण उभं असेल?'

एकदा एक बाई तिथे चार तास उभी होती.
यादीत नाव नव्हतं, म्हणून बोट गेलीच नाही.
बाईंच्या टोपलीत अंडी होती, एवढंच मला आठवतं;
तुम्मसला बाकीचंही आठवत असणार.
त्या आठवड्यात त्याने ही क्वेरी लिहिली,
घाईत, इंडेक्स न बघता.
मग बोगदा झाला. बोट विकली.
आता तिकडची माणसं समुद्राच्या पोटातून
हेडलाइट लावून येतात, बारा मिनिटांत,
लाट न बघता.
क्वेरीला कुणी सांगितलंच नाही.

सकाळी त्याला फोन लावला.
क्लाक्सविकला असतो आता, होड्यांची इंजिनं खोलतो.
म्हणाला, बंद कर की! मीच विसरलो होतो.
मागे कुठला तरी पाना खाली पडला.
मग जरा थांबून,
अजून शून्यच येतं ना?
म्हटलं, शून्यच.
बरं, म्हणाला. बरं झालं.

हात माझे आहेत, म्हणून मीच काढली ती.
एक ओळ, आणि एंटर.
तू लगेच मोजलंस: सरासरी प्रतीक्षा नऊ मिलिसेकंद,
तीन दहाचा सुळका नाहीसा.
आलेख असा सपाट
की आमच्या या देशात तसं
काहीच कुठे नसतं.

तुझं चुकलं नाही. रोज एकेचाळीस सेकंद वाचले.
पण काल रात्री तीन दहाला
फोन गप्प असताना मी जागी झाले
आणि अंधारात मोजत बसले.
परवापर्यंत कुणीतरी विचारत होतं
आणि कुणी नाही असं उत्तर येत होतं.
काल कुणी विचारलं नाही.
या दोन्हींतला फरक
तुझ्या कुठल्या रकान्यात बसेल, मला सुचत नाही.

सोड. कामाचं बोलू.
सर्व्हरच्या खोलीत आज अर्धा अंश कमी आहे,
हे तूच सकाळी कळवलंस.
हातमोजे अजून ओलेच आहेत.