अकरा नंबरची काच

वर्कशॉपच्या दारावर पाटी अजून आहे:
मोबाईल आणल्यास जप्त करण्यात येईल.
खाली सही माझीच.
जप्त केलेले फोन माझ्या कपाटात
खालच्या कप्प्यात रांगेने निजायचे
आणि एखादा मध्येच थरथरायचा,
हरसूलहून कुणाची तरी आई विचारायची,
जेवलास का.

आता मीच ग्रुपचा ॲडमिन.
'वेल्डर, दुसरी पाळी, सातपूर.' सेहेचाळीस जण.
पहिला आठवडा नुसती गुलाबाची फुलं, शुभ सकाळ,
बुलेटवर बसलेला कुणाचा तरी भाऊ.
मी लिहिलं: इथे फक्त जोड टाकायचे.
तर पगारच्या सुकदेवने चुलतभावाचं लग्न टाकलं.
हसलो मी. पण चिडल्याचं लिहिलं.

ठिणगीचा फोटो निघत नाही.
फोनला डोळा असतो, पापणी नसते;
उजेड पडला की सगळं पांढरंफटक.
विस्पुते म्हणाला, सर, थांबा,
आणि फुटक्या हेल्मेटमधली अकरा नंबरची काच
त्याने कॅमेऱ्यासमोर धरली.

सव्वीस वर्षं पोरं माझ्या मागे उभी राहिली
आणि त्यांना दिसलं माझं कोपर.
त्या दिवशी दिसलं ते डबकं:
हिरव्या अंधारात हलणारं, वितळलेलं,
कडेने साय धरत जाणारं.
डबक्याकडे बघा, मी म्हटलं, उजेडाकडे नको.
आणि ऐका.
भजी सोडल्यावर कढई बोलते, तसा आवाज हवा.
फटफट आला तर हात लांब गेला.
मुका झाला तर रॉड चिकटला.

दिवाळीत वर्कशॉपला कुलूप.
रात्री पावणेअकराला जयवंती भोयेचा व्हिडिओ आला,
पेठच्या पुढच्या पाड्यावरून,
पाण्याच्या टाकीवर चढून पाठवलेला.
तिच्या घरी मशीन कुठली, रॉड कुठला.
सारवलेल्या जमिनीवर खडूची रेघ,
हातात चुलीपाशी असतो तो चिमटा
आणि चिमट्यात
एक पेटलेली अगरबत्ती.

रेघेपासून वर, नागलीचे दोन दाणे मावतील एवढी.
अगरबत्ती जळत जाते, आखूड होते,
तिचा हात तेवढाच खाली येतो.
राख पडते. हात हलत नाही.
कुणीतरी खोकतं. हात हलत नाही.
अकरा मिनिटं.
खाली लिहिलेलं:
सर, ही रॉडपेक्षा सावकाश जळते,
म्हणून मनगट जास्त दुखतं. चालेल का?

त्र्यंबक रस्त्यावरच्या थांब्यावर उभा होतो.
बस आली, गेली.
लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं.
तिला तिकडे दिसत असेल, सर टाइप करत आहेत,
रेंज असली तर.
हा धडा माझ्या कुठल्याच वहीत नव्हता.
शेवटी पाठवलं:
मनगट सैल सोड. बाकी ठीक.
एवढंच. कंजूष माणूस.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सात अगरबत्त्या.
घोटीची एक, ओझरची एक,
अंबडच्या भाड्याच्या खोलीतली मोगऱ्याची,
मागे कंपनीचा भोंगा.
सुकदेवने लिहिलं, आई विचारते,
वेल्डिंगचा देव कोणता?

सुट्टी संपली. जयवंती मशीनवर.
पहिला रॉड चिकटला. दुसराही.
कुणी हसलं नाही, म्हणजे हसलं, पण हळू.
तिसऱ्या वेळी कढई बोलायला लागली.
मी काच न घेता मागे उभा राहिलो होतो,
डोळे घट्ट मिटून.

सुकदेव व्हिडिओ काढत होता.
काच धरायचीच विसरला.
ग्रुपवर आहे तो अजून: सुरुवातीपासून शेवटपर्यंत
नुसतं पांढरंफटक.
आवाज मात्र नीट आलाय.