मामाला विचारणे

रविवारी जुन्या बाजारात
पाने, नळाच्या तोट्या, कुलपाविना चाव्या,
दोनच पात्यांचा एक पंखा,
यांच्यातून वाट काढत
मुर्तझाभाईच्या ताडपत्रीपाशी उकिडवा बसलो.
गुडघे कुरकुरले.

केंजळे म्हणाला होता,
रिटायर माणसानं काहीतरी जमवावं,
नाहीतर सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडतं.
त्याची नाणी आहेत.
माझं काय, ते ठरायचं होतं.

बिस्किटाच्या गंजक्या डब्यातून
मुर्तझाभाईनं पाच पुठ्ठे काढले,
रमीचा डाव मांडावा तसे पसरले.
"अमेरिकेतले. बेसबॉलवाले.
खोटं कशाला बोलू,
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."
मलाही नाही.
कोण मोठा, कोण भुक्कड,
कुणी सामना फिरवला, कुणी घालवला,
काही ठाऊक नाही.
पाच टोप्या. पाच हनुवट्या.
एकाच्या गालात काहीतरी कोंबलेलं, बहुतेक तंबाखू.

चौतीस वर्षं भोसरीत क्वालिटीला होतो.
हातात काही आलं की डोळा आधी खोट शोधतो,
वस्तू नंतर बघतो.
(घरीही तसंच, असं घरचं मत.)
खिशातून व्हर्नियर काढला,
निरोपाच्या दिवशी पोरांनी दिलेला.
"साहेब, सोनं घेताय का?" मुर्तझाभाई हसला.

पहिलं कार्ड: दोन्ही बाजूंची पांढरी पट्टी तीन पूर्णांक एक.
कोपरे टोचतील इतके धारदार.
गडी नावाजलेला असणार, उभं राहण्यातच कळतं.
दीड हजार.
पास.

पाचवं कार्ड:
डावीकडे चार पूर्णांक दोन, उजवीकडे जेमतेम एक.
छापतानाच घसरलेलं.
कोपरे झिजलेल्या साबणासारखे,
मानेवरून आडवी घडी,
टोपीवर चहाचा अर्धा चंद्र.
असा माल आला की आम्ही लाल रंगाचा फराटा मारायचो
आणि पिंपात टाकायचो.

टाकायच्या आधी उलटून बघायचं, ही सवय.

मागे इंग्रजीत आकड्यांच्या रांगा,
आणि त्याखाली शिसपेन्सिलीनं, दाबून, मराठीत:

मामाने पाठवले.
बदली देणे नाही.
हा बोलर का विकेटकीपर? मामाला विचारणे.
हेमंत तु. शितोळे, ६ वी क

सहाच्या आत पाच दिसत होता.
पाचाचाच सहा केलेला.
म्हणजे एक वर्ष गेलं होतं,
पोरगं वरच्या वर्गात गेलं होतं,
आणि प्रश्न तिथंच.

मुर्तझाभाईनं अंगठा ओला केला.
"पेन्सिल आहे, आत्ता पुसून देतो."
"हात लावू नका!"
इतक्या मोठ्यानं ओरडलो
की शेजारचा नळवालाही वळला.
तिथंच घासाघीस संपली.
दोनशेचं कार्ड चारशेला घेतलं,
एक शब्द न बोलता.

बसमध्ये डब्याच्या झाकणाखाली धरून आणलं.
ही म्हणाली, कोण हा?
म्हटलं, माहीत नाही.
चारशे?
चारशे.
तिनं चहा ठेवला.

रात्री पुतणीला फोटो पाठवला.
तिनं शोधून सांगितलं:
काका, हा शॉर्टस्टॉप.
मधल्या फटीत उभा राहतो,
सुटून येईल ते अडवतो.
बोलर नाही. विकेटकीपरही नाही.

आता दिव्याखाली बसलोय.
त्या प्रश्नाखाली जागा आहे,
मोजली, अकरा मिलिमीटर.
पेन्सिलीला टोक काढून झालंय.
हेमंत आता साठीचा असेल, किंवा नसेल.
मामाचं पत्र आलं असेल,
किंवा मामाच तिकडे विरघळून गेला असेल.

अक्षर बारीक काढलं तर उत्तर मावेल.
पण मामाचं काम आपण करावं का,
हे कुणाला विचारणे?