बेअरिंग

एकशे दहा लिटर.
पावतीची निळी प्रत अजून माझ्याकडे आहे.
खाली सही, ब्रेडन वोरोबेट्स,
घाईतली, शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलेलं.

सप्टेंबर संपत आला होता. सस्कॅचेवानमध्ये
या दिवसांत कोणी कोणाला 'बस जरा' म्हणत नाही.
दंव पडायच्या आत गहू कोठारात यायला हवा,
आणि त्याच्या बापाचं कंबाइन दुपारपासून
शेताच्या मधोमध उभं,
पोटातलं एक बेअरिंग फुटून.
तेवढ्यासाठी हा उडत आला होता,
काकाच्या चार सीटच्या सेसनातून,
दारावरचा रंग उडालेला.
बेअरिंग तेलकट कागदात, दोन मुठींएवढं.
शेजारच्या सीटवर ठेवून त्यानं
त्याला पट्टा बांधला, आणि माझ्याकडे बघून हसला.

मी म्हटलं, कोच आहे, वाटाण्याचं सूप आहे, पहाटे जा.
तो म्हणाला, चाळीस मिनिटांचा तर रस्ता.
हवेत रस्ता असतो
हे मीही तेव्हा मान्य केलं.

रात्रीचा परवाना आहे का, ते विचारलं नाही.
मी इंधन विकतो.
(हेच वाक्य मी चौकशीला आलेल्या बाईंनाही सांगितलं.
त्यांनी लिहून घेतलं. मान वर केली नाही.)

चंद्र नव्हता.
आमच्याकडे जमीन इतकी सपाट
की आभाळ टेकतं तिथे दिवसा एक रेघ दिसते,
पट्टीनं ओढल्यासारखी.
रात्री ती पुसली जाते.
मग वर चांदण्या, खाली शेतघरांचे दिवे,
तितकेच विरळ, तितकेच लांब.
आणि त्या रात्री खालचे दिवे चालतही होते:
चौफेर कंबाइनं, रात्रपाळीची,
सरकत, वळत, पुन्हा सरकत.
आपण सरळ आहोत की कलतोय हे म्हणे कान सांगतो,
आणि अंधारात कान
शपथेवर खोटं बोलतो.
त्याचं न ऐकता समोरच्या काट्यांचं ऐकायचं,
हे अंगात मुरायला शेकडो तास लागतात.
ब्रेडनच्या वहीत बहात्तर होते.

एकच शेत काळोखात होतं.
त्याचंच.
तिथे दिवे लावणारं यंत्र
बेअरिंगची वाट बघत होतं.

ऑरेस्टनं पिकअप गवती धावपट्टीच्या टोकाला लावली,
दिवे गवतावर सोडले,
इंजिन चालू ठेवून आत बसला.
आवाज आला, म्हणतो. डोक्यावरून गेला,
उत्तरेला वळला,
वळतच राहिला.

मग शेजारच्या होलोविचांचं कंबाइन थांबलं.
मग त्याच्या पलीकडचं.
एकेक करत सगळ्या शेतांतले दिवे थांबले,
आणि सगळे एकाच दिशेला फिरले.

बेअरिंग सापडलं.
पट्ट्यात, कागदासकट, ओरखडासुद्धा नाही.
पोलिसांनी ते सही घेऊन परत दिलं.

शेजारी म्हणाले, आम्ही कापतो.
नऊ यंत्रं बांधाशी येऊन उभी होती,
बायकांनी सँडविचचे डबे आणले होते.
ऑरेस्टनं नुसता हात हलवला.
कंबाइनखाली दिवसभर पाठीवर पडून
त्यानं ते एकट्यानं बसवलं,
आणि उजेड गेल्यावरच यंत्र सुरू केलं.
कोणी म्हणालं, दगडाचं काळीज.
कोणी काहीच म्हणालं नाही.

मी रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून बसलो होतो.
दंव पडायला लागलं होतं, काच पुसत होतो बाहीनं.
ते दिवे लांब जायचे, बारीक व्हायचे,
शेताच्या टोकाला वळायचे.
वळले की मी मोजायला लागायचो,
एक, दोन, तीन, चार.

सरळ व्हायचे.