परवा

पत्रावर तारीख चार जानेवारी.
दारात आलं सतराला.
मधले तेरा दिवस ते कुठे होतं
त्याचं त्याला माहीत.
मी घरीच होतो. श्रमिकनगर, सातपूर,
दाराकडे तोंड करून.

'आपला बेकारी भत्त्याचा दावा नामंजूर.
कारण : नोकरी स्वेच्छेने सोडली.
अपील करावयाचे असल्यास तीस दिवसांच्या आत.'
कधीपासून तीस,
ते वाक्य नेमकं घडीवर आलेलं,
शाई उडालेली.

स्वेच्छेने.
प्रेस शॉपच्या गेटवर रांगेत उभं करून
एकोणीस जणांच्या सह्या घेतल्या त्यांनी.
पेनही त्यांचंच होतं,
सही झाल्यावर परत मागितलं.

वडिलांनी माझं नाव त्र्यंबकच्या नाथांवरून ठेवलं.
खिडकीतल्या गांगुर्डे मॅडमनी फॉर्म वाचला,
"नाव निवृत्ती, वय त्रेचाळीस"
आणि ओठ मिटून हसू दाबलं.
मग मीच हसलो,
त्यांना अवघड वाटू नये म्हणून.

त्यांनी पेरांवर मोजलं.
"आज पाच फेब्रुवारी. मुदत परवा संपली."

परवा.
आपल्या भाषेत परवा मागेही असतो, पुढेही.
एक क्षण मला तो पुढचाच वाटला.
एका क्षणात माणूस किती कामं उरकतो :
झेरॉक्स, दोन फोटो, साधा कागद,
मेहुण्याकडून दोनशे रुपये.
मग त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं कुठला ते.

"पण मॅडम, हातात पडलं सतराला."
"कशावरून?"
"घरी होतो."
"घरी असणं पुरावा होत नाही, बेंडकुळे. पाकीट आणा.
पोस्टाचा शिक्का असेल तर बघू.
साडेपाचला खिडकी बंद."

आयटीआय सिग्नलवरून सायकल मारत
मी पाकीट शोधत होतो, डोक्यातल्या डोक्यात.
कपाटावर नाही. देवामागे नाही.
रंजनाने पायही न थांबवता सांगितलं,
"मशीनखाली."

शिलाई मशीन डुगडुगायचं.
चार घड्या घालून तिने ते पुढच्या पायाखाली सारलेलं.
आम्ही मशीन उचललं, अर्धा फॉल लागलेल्या साडीसकट.
शिक्का होता.
नाशिक वाचता येत होतं, जानेवारी वाचता येत होता,
तारखेतला फक्त सात.
त्याच्या आधीचा एक
लोखंडी पायाने खाऊन टाकलेला.

मी खाली बसलो.
सतरा असेल, सात असेल, कुणी कशाला मानेल?

रंजना दुधाच्या कॅलेंडरपाशी गेली.
ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली.
या महिन्यात फुल्याच जास्त.
त्यांच्यावरूनच बोट फिरवत ती मोजत राहिली,
ओठ हलत होते.
"अहो, सातच धरू दे त्यांना.
सातापासून तीस म्हणजे उद्या.
उठा."

पाच वाजून बावीस मिनिटं.
मॅडमनी पाकीट उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं.
काही बोलल्या नाहीत.
मग शिक्का उचलला आणि माझ्या प्रतीवर मारला :
आवक क्रमांक ११८.

नोव्हेंबरपासून घरातून नुसती जावक.
ही पहिली आवक, एक आकडा.
तो खिशात घालून मी सायकल हातात धरून चालत आलो,
का ते माहीत नाही.

रात्री अठरा जणांना फोन लावले.
पाकीट फेकू नका, पाकीट.
सहा जणांनी पत्र उघडलंच नव्हतं.
तिघांना आलेलंच नव्हतं.
दोंदे बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, "बंबात घातलं रे.
त्या दिवशी गारठा फार होता."

मशीन पुन्हा डुगडुगतंय.
मी पुठ्ठा कापून दिला, तो जाड होतो.
रंजना म्हणते, राहू द्या,
निकालाचं पाकीट येईलच की.