चारशे बाराच्या आतली

यादीत लिहिलंय : अनुक्रमांक चारशे बाराच्या आतला असेल
तर बोर्ड बदला, वीजपुरवठा बदला, पंखाही.
सोपं वाटतं.
पण पाठीवरचे आकडे पुसलेत,
क्लाइडच्या गोदीत तर कुणी आकड्यांची पट्टीच उचकटून
बाटल्या उघडायला ठेवलीय,
आणि अबर्डीनच्या मत्स्यशाळेत
एकाचं टोपण दुसऱ्याच्या डोक्यावर.
म्हणून कंपनीने मला पाठवलं, इशबेल रँकिनला,
लॅकलनच्या व्हॅनमध्ये, पाय हीटरपाशी, मांडीवर यादी.
लॅकलन इंजिनिअर.
मी नुसती ही यंत्रं बनवलेली बाई.

चार स्क्रू. पत्रा उचलायचा. टॉर्च.
हिरव्या बोर्डावर एक निळी तार दिसली
की समजायचं, पहिल्या खेपेतलं.
नकाशा काढणारे एक वाट आखायलाच विसरले होते,
तिसऱ्या चिपच्या पायापासून सातव्या चिपच्या पायापर्यंत.
मग ऑक्टोबरात नऊ दिवस
आम्ही अकराजणी भिंगाखाली माना घालून
ती वाट हाताने घालत बसलो.
चारशे अकरा तारा.
शेवटच्या दिवशी मॅनेजरने केक आणला, सुरी विसरला.
विसरणं त्यांच्या घराण्यातच असावं.
केक आम्ही स्टीलच्या फूटपट्टीने कापला.

मॉर्व्हेनचा डाख मसुरीच्या दाण्याएवढा, गोल.
युफीचा शेपटीवाला, ती बोलत बोलत द्यायची.
नेटा गिलेस्पीचा सपाट, चकचकीत,
जणू तिथे काही चुकलंच नव्हतं.
तासाला चार तारा कमी पडतात
म्हणून नेटाला नाताळाआधी घरी पाठवलं.
तिच्या हातचं एकही यंत्र
आजवर डाख सुटून परत आलेलं नाही.
यादीत त्याला रकाना नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी टॉर्च काढणंच सोडलं.
आता दारातच विचारते :
ह्याला सकाळी उठवता कसं?
नंतरच्या खेपांवाले गोंधळतात. म्हणतात, बटण दाबून.
पहिल्या खेपेवाले
आधी एकमेकांकडे बघतात.
मग कुणी म्हणतो, घरघर ऐकायची, ती थांबली की मगच.
पेस्लीचा एक आरेखक म्हणाला,
आम्ही शुक्रवारी बंदच करत नाही, सोमवारी रुसतं.
कुणी टेबलावरच्या दिव्याची ऊब देतं,
कुणी शिवी.
मी लॅकलनकडे बघून मान हलवते.
तो उघडून बघतो.
निळी तार. दरवेळी.

ओबनला भरती-ओहोटी मोजणारी कचेरी.
काचेवर खाऱ्या पाण्याचे ओघळ,
यंत्रावर लोकरीचा मफलर.
कट्रिओना मॅकिंटायर, साठीला टेकलेली,
मला विचारूही न देता म्हणाली,
डाव्या बरगडीवर दोन टिचक्या. थांबायचं. मग एक.
सहा वर्षं झाली, एक भरती चुकलेली नाही.

पत्रा उचलला.
डाख सपाट, चकचकीत.
मी कुणाचं नाव घेतलं नाही. घेऊन तिला काय कळणार?
यादीत हो आणि नाही, दोनच चौकोन.
पेन्सिल बराच वेळ नुसती धरून ठेवली.
लॅकलन हळूच म्हणाला,
ह्याच्या वीजपुरवठ्यातून एक दिवस धूर निघेल, इशबेल.
ते खरंच होतं.
मी 'हो'वर खूण केली.

चाळीस मिनिटं लागली. नवा बोर्ड,
सगळ्या वाटा आधीच आखलेल्या,
कुणाचा हात न लागता.
जुना खोक्यात, बाकीच्यांवर पालथा.

कट्रिओनाने मफलर घडी करून बाजूला ठेवला,
बटण दाबलं.
लगेच उठलं ते.
तिचा हात तोवर डाव्या बरगडीपाशी पोचला होता,
बोट वाकलेलं.
दोन टिचक्या मारल्याच तिने.
थांबली.
मग एक.