दोन्ही हात

रविवार, ओहोटी लागायच्या बेतात.
मॉर्बिहानच्या आखातात पाणी नव्या पत्र्यासारखं चकाकत होतं.
इंजिन बंद. साइडरची बाटली उघडलेली.
नोल्वेन सुकाणूशी, डोळ्यांवर आडवा हात घेऊन,
मी कालवं फोडत बसलेलो, अंगठ्याला चिंधी बांधून.

तेव्हा तो दिसला.
बेटाच्या पलीकडे, निळ्या होडीत उभा,
दोन्ही हात बाजूंनी वर नेत,
मग सावकाश खाली.
पुन्हा वर. पुन्हा खाली.
पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखा.

मी ग्लास उंचावला.
"बघ, किती खुशीत आहे," म्हणालो,
आणि हात हलवला, मनगटापासून, भरभरून,
सुटीतला माणूस सुटीतल्या माणसाला हलवतो तसा.

त्याचे हात थांबले.
मग पुन्हा वर, तितक्याच सावकाश,
मठ्ठ पोराला
पहिल्यापासून बेरीज समजावून सांगावी तसे.

नोल्वेन उठून बसली.
"टाटा एका हाताने करतात," म्हणाली.

इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं.

होडीत त्याच्या पोटरीपर्यंत पाणी.
त्यात तरंगणारा जेवणाचा डबा, एक चप्पल.
मेरियादेक नाव त्याचं, शाळेत भूगोल शिकवायचा.
ओठ जांभळे.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
त्याच्याकडे चार होत्या, लाल उजेडाच्या,
तळच्या खणात वर्षानुवर्षं सादळलेल्या.
एक नुसती फुसफुसली.
बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.
शिट्टी फुंकली,
ती लोकांच्या इंजिनांत विरून गेली.

आमचं ब्लँकेट पांघरून तो म्हणाला,
तक्रारीच्या सुरात नाही, वर्गात सांगावं तसं,
"तीन होड्या गेल्या आधी.
सगळ्यांनी फार प्रेमानं हात केले.
एका बाईनं तर बाळ उचलून दाखवलं मला."

चौथीबद्दल तो काही बोलला नाही.

रात्री मी आमच्या होडीतली पेटी उपसली.
बूच काढायचा स्क्रू, गंजके गळ, पत्त्यांचा अर्धा कॅट,
आणि सगळ्यांत खाली आमची नळकांडी.
मुदत संपून चार वर्षं झालेली.
कंदिलापाशी नेऊन बारीक अक्षरं वाचली:
वारा जिकडे जातो त्या बाजूला धरा,
हात लांब, नजर दुसरीकडे.
त्यात एक गोष्ट नव्हती. ती मेरियादेकनं सांगितली,
चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून:
समोरच्याचं तोंड दिसेपर्यंत थांबायचं.
पाठीवर उजेड वाया जातो.

नवी नळकांडी आणली, सोमवारीच.
आता पाण्यावर कुणी हात केला
की मी आधी हात मोजतो.

काल धक्क्यावरून घराकडे पाहिलं तर
वर गच्चीत नोल्वेन,
दोन्ही हात वर, मग सावकाश खाली.
जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.
ती चादर झटकत होती.
"काय झालं?"
"काही नाही," म्हणालो, धापा टाकत,
आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.