तळहात

आमच्या घरात कुणी मोठ्यानं खोकत नाही.
मुलचेऱ्याच्या या रस्त्यावर
रात्री अस्वलाशिवाय कुणी फिरकत नाही,
तरी आई कडी लावते, मग खिळा,
मग खिळ्याला सुतळी.

दिदिमानं त्या बाळाचं नाव
कधी सांगितलं नाही.
नावेत होतं, रडत होतं, एवढंच.
काठावर कंदील होते.
मग म्हणायची, धान वाळलं का बघ,
आणि आपलाच उजवा तळहात
पदराला पुसत बसायची.

आई तेव्हा चार वर्षांची, तिला लागूनच बसलेली.
तिनं पाहिलं का, मी विचारलं नाही.
शाळेत मी हसले की पोट्ट्या म्हणायच्या,
काहून तोंड झाकतं वं, दात त चांगले हायेत.

परवा टुंपा बोडीवर
बदकांमागे धावताना किंचाळली,
बंगालीत की मराठीत कोण जाणे,
आणि माझा हात उठला.
उठला तो तिच्या तोंडावर गेलाच.

तिनं कचकन चावा घेतला.

दातांचे व्रण मी आईला दाखवले.
बराच वेळ बघत राहिली.
त्या रात्री तिनं कडी लावली, खिळाही.
सुतळी मात्र
मुठीत घेऊन झोपली.